‘आई, चिडलीयेस का?’ : मुलांना चेहरा वाचायला कसं शिकवावं

‘आई, चिडलीयेस का?’ तेरा-चौदा वर्षांचं मूल घरात असलं की हा प्रश्न कानावर येतोच. आई तेव्हा लाइटचं बिल बघत असते, नाहीतर उद्या डब्याला काय द्यायचं या विचारात असते. राग तिच्या मनातही नसतो. ‘नाही गं’ म्हणेपर्यंत लेकीचं तोंड उतरलेलं असतं, आणि मग त्या उतरलेल्या तोंडाचा आईला खरोखरच राग येतो.

मी सांगलीत मुलांचे नाट्यवर्ग घेते. येणारी मुलं बहुतेक सहावी ते नववीतली. नाटक शिकवायचं म्हणजे चेहऱ्यावर भाव आणायला शिकवायचं, अशी पालकांची समजूत असते. माझा वेळ मात्र जास्त जातो तो समोरच्याच्या चेहऱ्याकडे बघायला शिकवण्यात. जो बघत नाही, तो समोरच्या पात्राला उत्तर देत नाही. पाठ केलेलं वाक्य म्हणतो आणि मोकळा होतो. बघायला शिकलेली मुलं रंगमंचावर तर सुधारतातच, पण घरी आणि वर्गातही त्यांची भांडणं कमी होतात, असं पालक येऊन सांगतात. म्हणून वर्गात आम्ही जे करतो ते इथे लिहून काढते आहे. घरी करता येईल, शाळेत ऑफ तासाला करता येईल, आणि आठवी-नववीतल्या मुलांनी हे वाचून आपापसात केलं तर सगळ्यात उत्तम.

सुरुवातीलाच एक गोष्ट मुलांना स्पष्ट सांगावी. चेहऱ्यावरून मन ओळखणं हा अंदाज असतो. अंदाज चांगला बांधता येणं हे एक कौशल्य, आणि बांधलेला अंदाज तपासून घेणं हे दुसरं. मला दुसरं जास्त मोलाचं वाटतं, आणि आपल्याकडे नेमकं तेच कुणी शिकवत नाही.

या वयात अडतं कुठे

हसरा चेहरा लहान मुलांनाही ओळखता येतो. दुःख आणि राग हेसुद्धा शाळेत जायच्या वयापर्यंत बऱ्यापैकी कळू लागतात. भीती, आश्चर्य आणि किळस ओळखण्याची जाण मात्र पुढे बराच काळ वाढत राहते. लंडनच्या संशोधकांनी सहा ते सोळा वर्षांच्या मुलांवर केलेल्या आणि २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात हेच चित्र दिसलं.

ही वाढ सरळ रेषेत होत नाही. सॅन दिएगोमध्ये २००२ साली झालेल्या एका अभ्यासात मुलांना चेहरे आणि भावनांचे शब्द दाखवून दोन्ही जुळतात का, ते विचारलं होतं. अकरा-बारा वर्षांच्या सुमारास मुलांचा उत्तर देण्याचा वेग १० ते २० टक्क्यांनी मंदावलेला आढळला. पुढे काही वर्षांनी तो पुन्हा सुधारतो. म्हणजे पाचवीत ‘किती समजूतदार आहे’ असं ज्याच्याबद्दल म्हणत होतो, तोच मुलगा सातवीत ‘याला काही कळतच नाही’ असा वाटू लागला, तर त्याला वळण लागलेलं नाही असं समजायचं कारण नाही. वयात येताना मेंदूत बरीच उलथापालथ चाललेली असते.

बोस्टनजवळच्या मॅक्लीन रुग्णालयात डेबोरा युर्गेलन-टॉड यांनी गेल्या शतकाच्या अखेरीस केलेला एक छोटा प्रयोगही या बाबतीत नेहमी सांगितला जातो. भ्यालेल्या चेहऱ्याचं चित्र दाखवल्यावर मोठ्या माणसांनी ‘भीती’ असं बरोबर ओळखलं. किशोरवयीन मुलांपैकी अनेकांना तिथे धक्का दिसला, राग दिसला. प्रयोग लहान होता, चित्रातला चेहरा अनोळखी होता, त्यामुळे त्यावर फार मोठे निष्कर्ष लादू नयेत. पण भीतीच्या जागी राग दिसणं, हे मात्र मी वर्गात नेहमी बघते.

माझ्या अनुभवात मुलांच्या चुका एकाच बाजूला झुकतात. आनंदी माणसाला दुःखी समजणारं मूल क्वचितच भेटतं. दमलेल्याला, विचारात गढलेल्याला, घाबरलेल्याला, डोकं दुखणाऱ्याला ‘माझ्यावर चिडलाय’ समजणारी मुलं मात्र ढिगाने. राग त्यांना ओळखता येतो. अडचण अशी की नसलेल्या जागीही तो दिसतो, आणि तो आपल्यावरच आहे असं वाटतं. या वयात आपण कसे दिसतो, लोक आपल्याला काय म्हणतात, यातच जीव अडकलेला असतो, त्याचाही हा भाग आहे. पुढचे सगळे खेळ या एका झुकावावर काम करण्यासाठी आहेत.

एक अगदी साधी गोष्ट आधी उरकून घ्या: डोळे तपासा. फळ्यावरचं दिसत नाही म्हणून मूल कधीतरी तक्रार करतं, पण समोरच्या बाकावरच्या मित्राच्या भुवया दिसत नाहीत म्हणून कुणी तक्रार करत नाही. चष्मा लागल्यावर ‘लोकांचे चेहरे एवढे हलतात?’ असं विचारणारी मुलं मी पाहिली आहेत.

आधी डोळे आणि भुवया

भीती ओळखू न शकणाऱ्या एका अमेरिकन बाईंवर राल्फ अॅडॉल्फ्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अनेक वर्षं अभ्यास केला. बाईंची ओळख जपण्यासाठी शोधनिबंधांत त्यांना फक्त ‘एस. एम.’ म्हणतात. त्यांच्या मेंदूतला अमिग्डला नावाचा, बदामाएवढा भाग आजाराने दोन्ही बाजूंना निकामी झाला होता. राग, आनंद, दुःख त्यांना बऱ्यापैकी कळायचं, पण भ्यालेला चेहरा समोर आला की त्या गोंधळायच्या. २००५ साली उलगडा झाला तो असा: त्या चेहऱ्याच्या डोळ्यांकडे बघतच नव्हत्या. ‘डोळ्यांकडे बघा’ एवढं सांगितल्यावर त्यांना भीती जवळपास इतरांसारखीच ओळखता आली. सूचना दिली नाही की पुन्हा पहिले पाढे पंचावन्न.

मला या गोष्टीतून शिकवण्याची पद्धतच मिळाली. भावना ओळखण्यातला मोठा भाग नजर कुठे जाते यावर ठरतो, आणि नजर कुठे न्यायची ते सांगता येतं. फक्त एकदा सांगून भागत नाही, पुन्हा पुन्हा आठवण द्यावी लागते.

खेळ असा. एक जाड पुठ्ठा घ्या, त्याला डोळे आणि भुवया दिसतील एवढी आडवी खिडकी कापा. एका मुलाने तो चेहऱ्यासमोर धरायचा आणि मागून भाव करायचा, बाकीच्यांनी ओळखायचं. मग पुठ्ठा फिरवून फक्त नाक-तोंड दिसेल असं करायचं. मुलांच्या लगेच लक्षात येतं की हसू बरंचसं तोंडावर कळतं, भीती डोळ्यांत कळते, किळस नाकाच्या शेंड्यापासून वरच्या ओठापर्यंत कळते. सांगलीत दुपारी स्कूटीवर निघालेल्या निम्म्या मुली स्कार्फमध्ये असतात, त्यामुळे वरच्या खिडकीचा सराव आमच्याकडे रस्त्यावरही होतो.

मग आरसा. मोबाइलचा पुढचा कॅमेराही चालेल, पण आरसा बरा, कारण त्यात फोटो काढायचा मोह नसतो. नेहमी गल्लत होणाऱ्या जोड्या शेजारी शेजारी करून बघायच्या.

भीती आणि आश्चर्य ही पहिली जोडी, आणि सगळ्यात अवघड. दोन्हींत डोळे मोठे होतात, भुवया वर जातात. आश्चर्यात भुवयांची कमान होते आणि जबडा सैल पडून खाली येतो. भीतीत भुवया वर जाऊन एकमेकींकडे ओढल्या जातात, कपाळाच्या मधोमध आठ्या पडतात, ओठ कानांच्या दिशेने ताणले जातात. आश्चर्य क्षणभर टिकतं आणि दुसऱ्या कशात तरी बदलतं. भीती रेंगाळते.

दुसरी जोडी राग आणि एकाग्रता. घरातल्या गैरसमजांचं मूळ बहुधा हीच. दोन्हींत भुवया खाली येऊन जवळ येतात. विचारात अडथळा आला की माणूस भुवया आक्रसतो, हे चार्ल्स डार्विनने १८७२ सालीच लिहून ठेवलं आहे. सुईत दोरा ओवणारी आजी, गणित सोडवणारा भाऊ, मोबाइलवर ओटीपी शोधणारे बाबा, सगळ्यांच्या कपाळाला आठ्या. फरक बघायचा तो नजरेत आणि ओठांत. रागावलेला माणूस त्या माणसाकडे किंवा त्या वस्तूकडे रोखून बघतो, पापण्या ताणलेल्या असतात, ओठ घट्ट मिटतात. एकाग्र माणसाची नजर कामावर असते, आणि कितीतरी जणांची जीभ दातांत आलेली असते.

किळस आणि राग यांतही मुलं अडखळतात. तिथे नाक बघायचं: किळसेत ते आक्रसतं आणि वरचा ओठ उचलला जातो.

हसण्याबद्दल दोन शब्द. मनापासूनच्या हसण्यात गालांबरोबर डोळ्यांभोवतीचा स्नायूही आवळतो, हे फ्रेंच डॉक्टर ड्युशेन यांनी १८६२ साली दाखवलं. मुलांना हे फार आवडतं आणि लगेच ‘सर खोटं हसले’ असले निकाल लागायला लागतात. तिथे थांबवावं. पाहुण्यांसमोर कसनुसं हसणारी मावशी खोटी नसते. ती सभ्यपणे वागत असते. डोळ्यांभोवतीच्या सुरकुत्या ठरवून आणणारीही माणसं असतात, मी स्वतः नाटकात मुलांना ते शिकवते.

नाट्यशास्त्रात आठ स्थायी, म्हणजे टिकून राहणारे मूळ भाव सांगितले आहेत. त्यांतले हास, शोक, क्रोध, भय, जुगुप्सा (किळस) आणि विस्मय हे सहा, आणि मानसशास्त्रज्ञ पॉल एकमन यांनी पापुआ न्यू गिनीत जाऊन तपासलेल्या सहा मूळ भावना, यांची यादी जवळजवळ तीच. पण मला मुलांशी बोलताना जास्त उपयोग होतो तो तेहतीस व्यभिचारी भावांचा. त्यांत श्रम आहे, ग्लानी आहे, चिंता आहे, शंका आहे, व्रीडा (लाज) आणि आलस्यही आहे. येतात आणि जातात असे भाव. घरात संध्याकाळी सात वाजता मोठ्यांच्या चेहऱ्यावर क्रोध क्वचितच असतो. श्रम, चिंता आणि ग्लानी रोज असतात. ‘आईच्या चेहऱ्यावर यातलं काय असेल?’ असं विचारलं की मुलं चक्क यादी वाचत बसतात आणि ‘श्रम’ला बोट लावतात.

शब्द वाढवा

मुलांशी बोलून बघा, भावनांसाठी त्यांच्याकडे तीन-चार शब्द असतात: राग, टेन्शन, बोअर, भारी. डोळ्यांना फरक दिसला तरी ठेवायला खण नसेल तर तो विसरला जातो. आम्ही चिठ्ठ्या करतो: वैताग, चीड, संताप, रुसवा, हिरमोड, धास्ती, बावरणं, खजील होणं, ओशाळणं, हेवा, हुरहूर, कळवळा. चिठ्ठी उचलायची आणि एकही शब्द न बोलता करून दाखवायची. ‘संताप’ सगळ्यांना जमतो. ‘हिरमोड’ करायला गेलेल्या मुलाला आधी आशा दाखवावी लागते आणि मग ती विझवावी लागते, तेव्हा कुठे समोरच्यांना कळतं. आजी-आजोबा घरात असतील तर त्यांना या खेळात बसवा. त्यांच्याकडे आपल्यापेक्षा जास्त शब्द आहेत.

खेळाचं पान

माझा सर्वांत आवडता खेळ. घरातल्या जुन्या वर्तमानपत्रांची खेळाची पानं गोळा करा. कबड्डी, क्रिकेट, टेनिस, कुस्ती, काहीही. खेळाडूचा चेहरा तेवढा कापून वहीत चिकटवा, उरलेला फोटो मागच्या पानावर. मुलांनी फक्त चेहरा बघून सांगायचं: जिंकला की हरला?

मुलं हमखास फसतात, आणि मोठी माणसंही फसतात. हिलेल अवीएझर आणि सहकाऱ्यांनी २०१२ साली व्यावसायिक टेनिसपटूंच्या फोटोंवर हेच करून पाहिलं. निर्णायक गुण जिंकल्या-हरल्याच्या क्षणी टिपलेला नुसता चेहरा बघून लोकांना जय-पराजय ओळखता आला नाही. नुसतं शरीर दाखवल्यावर ओळखता आला. आणि गंमत म्हणजे दोन्ही एकत्र दाखवल्यावर लोकांना वाटलं की आपल्याला ते चेहऱ्यावरूनच कळलं.

भावना फार तीव्र झाली की चेहरे एकसारखे दिसू लागतात. विकेट मिळाल्यावर ओरडणारा गोलंदाज नुसत्या चेहऱ्याने बघितला तर भांडायला निघालेला वाटतो. मागचं पान उलटलं की वर गेलेल्या मुठी, धावत येणारे सहकारी दिसतात आणि चेहरा आपोआप आनंदी दिसू लागतो. हा क्षण मुलांनी स्वतः अनुभवावा म्हणून हा खेळ करायचा. त्यानंतर ‘फक्त चेहऱ्यावर जाऊ नकोस’ असं वेगळं सांगावं लागत नाही. खांदे कुठे आहेत, मुठी वळल्यात का, माणूस कशातून आलाय, आजूबाजूला कोण आहे, हे प्रश्न मुलं स्वतःच विचारू लागतात.

लिसा फेल्डमन बॅरेट आणि सहकाऱ्यांनी २०१९ साली या विषयावरच्या कितीतरी अभ्यासांचा एकत्रित आढावा घेतला. राग आलेला असताना माणसं कपाळाला आठ्या घालून रागीट चेहरा करतात, असं सरासरी ३० टक्क्यांहूनही कमी वेळा दिसलं. बाकी वेळा राग गप्प बसतो, हसतो, रडतो, भांडी आपटतो. आणि रागीट दिसणारे कितीतरी चेहरे रागाचे नसतात. आपल्या घरातलेच चेहरे आठवले तर हे पटायला वेळ लागत नाही.

आवाज बंद

टीव्हीवरची एखादी मालिका लावा आणि आवाज बंद करा. दोन मिनिटं बघून प्रत्येकाने लिहायचं: कोण कोणाबद्दल काय वाटून घेतंय आणि कशावरून वाटलं. ‘कशावरून’ हा रकाना सोडू देऊ नका. ‘ती दुष्ट आहे म्हणून’ हे उत्तर चालणार नाही. ‘बोलताना तिची नजर दाराकडे गेली’ हे चालेल. मग तोच प्रसंग आवाजासह बघायचा.

मालिकेतले भाव ठसठशीत असतात, कॅमेरा तीन-तीनदा चेहऱ्यावर जातो. त्यामुळे सुरुवातीला बरं, पण तिथेच राहू नये. पुढची पायरी म्हणजे बातम्यांमधल्या मुलाखती, लग्नाचा व्हिडिओ, शाळेच्या स्नेहसंमेलनाचं चित्रीकरण. माणसं कॅमेऱ्याकडे लक्ष नसताना कशी दिसतात, ते त्यात सापडतं. त्यापुढची पायरी एसटी स्टँड आणि मंडई. तिथला नियम कडक: टक लावून बघायचं नाही, कुणावर हसायचं नाही, फोटो काढायचा नाही. मुलींना आणि मुलांना दोघांनाही हा नियम सारखाच सांगा.

कोरा चेहरा

आता मूळ दुखण्याकडे. घरातल्या प्रत्येकाचा, काहीही भाव न आणता, समोर बघतानाचा एक फोटो काढा. आधार कार्डावरचे फोटो तयारच असतात, तेही चालतील. मुलाला विचारा, ‘याला काय वाटतंय?’ बहुतेक मुलं काही ना काही सांगतात: बाबा वैतागलेत, आजी दुःखी आहे, दादा माज करतोय. मग त्या त्या माणसाने सांगायचं की फोटो काढताना त्याच्या मनात काय होतं. उत्तर बहुतेक वेळा ‘काहीच नाही’ किंवा ‘पाय दुखत होते’ असंच येतं.

यातून मुलाला प्रत्येकाचा मूळचा चेहरा कळतो. काही माणसांच्या ओठांचे कोपरे जन्मतःच खाली वळलेले असतात, काहींच्या भुवया दाट असतात, वयाबरोबर कपाळावरच्या रेषा कायमच्या होतात. ‘सर नेहमीच असे दिसतात’ हे एकदा कळलं की त्यांच्या चेहऱ्यातला बदल तेवढा बघायचा.

ब्रिस्टलच्या संशोधकांनी २०१३ साली यावरच एक प्रयोग प्रसिद्ध केला. हसऱ्यापासून रागीटपर्यंत हळूहळू बदलत जाणारे चेहरे संगणकावर दाखवून, मधल्या संदिग्ध चेहऱ्यांना ‘राग’ म्हणण्याची सवय त्यांनी थोडी ‘आनंदा’च्या बाजूला वळवली. सहभागींमध्ये मोठ्यांबरोबर काही मारामाऱ्या करणारी, ११ ते १६ वर्षांची मुलंही होती. या मुलांचं आक्रमक वागणं पुढच्या दिवसांत कमी झाल्याचं दिसलं. नंतरच्या अभ्यासांतले निकाल इतके स्पष्ट नाहीत, म्हणून मी हे औषध म्हणून सांगत नाही. पण दिशा मला पटते: कोऱ्या चेहऱ्यावर राग आपण रंगवतो, आणि रंगवायचं थांबवता येतं.

विचारायचं कसं

इथे खूप सराव लागतो, आणि वाक्यं अक्षरशः पाठ करून घ्यावी लागतात. ‘चिडलीयेस का?’ या प्रश्नात आरोप दडलेला असतो. ऐकणाऱ्याला आधी आपण चिडलेलो नाही हे सिद्ध करावं लागतं. त्याऐवजी जे दिसलं ते सांगायचं आणि दोन वाटा मोकळ्या ठेवायच्या.

आईला: ‘आई, दमलीस का? की माझं काही राहिलंय?’
बाबांना: ‘बाबा, आत्ता बोलू की नंतर?’
मित्राला: ‘काय रे, आज गप्प दिसतोयस. काही झालंय का?’
मैत्रिणीला, मेसेजवर नव्हे, भेटल्यावर: ‘मघाशी तू बोलली नाहीस तेव्हा मला वाटलं माझ्यावर रागावलीस. तसं आहे का?’
शिक्षकांना, तास संपल्यावर, सगळ्यांसमोर नाही: ‘सर, माझं काही चुकलं का?’

शेवटचं वाक्य म्हणायला मुलांना सगळ्यात जास्त धीर लागतो. आम्ही ते वर्गात एकमेकांवर करून बघतो. शिक्षक झालेल्या मुलाला मी कानात सांगते, ‘तुझी दाढ दुखतेय.’ विद्यार्थ्याला ते माहीत नसतं. दाढ दुखणारे सर जेव्हा ‘नाही रे बाळा, दात ठणकतोय’ म्हणतात, तेव्हा समोरच्या मुलाचे खांदे खाली येतात, आणि ते बघणाऱ्यांनाही दिसतं.

आणि ‘काही नाही’ या उत्तराचं काय करायचं? मराठी घरात निम्म्या वेळा हेच उत्तर मिळतं. मुलांना मी सांगते, एकदाच विचारायचं. ‘काही नाही’ म्हणाले तर ‘बरं, मी आत आहे’ म्हणून जायचं. खोदून खोदून विचारणं हा माणसाला दिलेला ताणच असतो. न सांगण्याचा हक्क प्रत्येकाला आहे, मित्राला आहे तसाच आईलाही.

मोठ्यांनी काय करायचं

मुलाच्या अंदाजाचं बरोबर उत्तर फक्त आपल्याकडे असतं. ते आपण सांगितलं नाही तर मूल कितीही चेहरे बघो, शिकणार कसं? म्हणून घरात आल्या आल्या एक वाक्य बोलायची सवय लावा: ‘आज ऑफिसात डोकं फिरलंय, तुझ्यावर राग नाही, अर्धा तास दे.’ शिक्षकांनी तासाच्या सुरुवातीला ‘माझा घसा बसलाय, मी कमी बोलेन’ म्हटलं तरी पहिल्या बाकापासून शेवटच्या बाकापर्यंतची कुजबुज थांबते.

आणि खरोखर राग आला असेल तर ‘हो, आलाय’ म्हणा, कशाचा ते सांगा. मुलाने अचूक ओळखलेल्या रागाला ‘नाही, कुठे काय’ म्हणणं, यासारखं नुकसान नाही. ते मूल आपल्या डोळ्यांवर विश्वास ठेवायचं सोडून देतं.

मोबाइलबद्दल. कॅलिफोर्नियात २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात सहावीतली मुलं पाच दिवस पडद्याविना शिबिरात राहिली. परतताना फोटोंतल्या आणि व्हिडिओतल्या भावना ओळखण्यात ती, शाळेतच राहिलेल्या मुलांपेक्षा, जास्त सुधारलेली आढळली. पडद्यामुळे चेहरे वाचता येईनासे होतात एवढा सरसकट निष्कर्ष यातून काढू नये. शिबिरात मुलं दिवसभर एकमेकांची तोंडं बघत होती, हेही त्यात आलंच. माझा आग्रह एवढाच की जेवताना ताटाशेजारी कुणाचाच फोन नको, आपलाही.

जिथे जपून

काही मुलांना डोळ्यांत बघणं त्रासाचं होतं. स्वमग्न (ऑटिझम असलेल्या) मुलांपैकी अनेकांना होतं. त्यांची हनुवटी धरून ‘माझ्याकडे बघ’ करू नका. त्यांना शब्दांत सांगा: ‘मला आत्ता वाईट वाटलंय.’ भुवया किंवा तोंड बघायला सांगितलं तरी चालतं, आणि आवाजावरून ओळखणाऱ्या मुलाला आवाजावरून ओळखू द्या.

दुसरी मुलं म्हणजे राग फार लवकर ओळखणारी. सेथ पोलॅक आणि सहकाऱ्यांनी मारहाण सोसलेल्या मुलांना, अस्पष्टपासून हळूहळू स्पष्ट होत जाणारे चेहरे दाखवले. इतरांना दिसायच्या कितीतरी आधी या मुलांना राग दिसला. ज्या घरात रागानंतर मार येतो, त्या घरात ही नजर मुलाला वाचवते. अशा मुलाला ‘तू उगाच राग बघतोस, चेहरा कोरा आहे’ असं शिकवणं चुकीचं आहे, आणि वरचे कोऱ्या चेहऱ्याचे खेळ त्याच्यासाठी नाहीत. वर्गात एखादं मूल आवाज जरा चढला की हात डोक्यावर नेत असेल, सगळ्यांच्या चेहऱ्यांवर सतत पहारा ठेवत असेल, तर खेळ बाजूला ठेवा आणि त्याच्याशी एकट्याने, शांतपणे बोला. गरज वाटली तर १०९८ या चाइल्ड हेल्पलाइनवर फोन करा. तो मूल स्वतःही करू शकतं.

आणि पूर्वी लोकांत रमणारं मूल अचानक सगळ्यांच्याच चेहऱ्यांवर तिरस्कार वाचू लागलं, मित्र तोडू लागलं, झोप आणि जेवण बिघडलं, तर तो चेहरे वाचण्याचा प्रश्न उरत नाही. शाळेच्या समुपदेशकांना किंवा डॉक्टरांना भेटा. टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक विनाशुल्क आहे, चोवीस तास चालतो आणि तिथे मराठीत बोलता येतं.